नॉक सेन्सर बदलण्याआधी

गेल्या दिवाळीच्या आसपास माझ्या मावसभावाची गाडी माझ्याकडे आली. चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल, लाखाच्या वर चाललेली. शहरात काही तक्रार नाही. पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागलं की अर्ध्या घाटात चेक लाइट लागायची आणि गाडीचा दमच जायचा. ॲक्सिलरेटर दाबला तरी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी चालायची. स्कॅनरवर कोड पी०३२७, म्हणजे नॉक सेन्सरचा सिग्नल कमी.

एका गॅरेजने सेन्सर बदलून दिला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजने पुन्हा सेन्सरच बदलला. दोन्ही वेळा सेन्सरपेक्षा मजुरी जास्त झाली, कारण त्या इंजिनात हा सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या, खाली, ब्लॉकवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये बसतो. तिथे हात पोचायला मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. उतरवलेले दोन्ही सेन्सर मावसभावाने डिकीत जपून ठेवले होते. दोन्ही शाबूत निघाले.

कोडमध्ये ‘नॉक सेन्सर’ हे शब्द आले की सेन्सरच गेला असं धरून चालायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि त्यात लोकांचे हजारो रुपये जातात. सेन्सर म्हणजे इंजिनाचा कान. तक्रार कानाने केली म्हणून दुखणं कानातच असतं असं नाही.

आधी नॉकिंग म्हणजे काय ते बघू. ते नीट कळलं की पुढची तपासणी आपोआप सुचत जाते.

पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. तो टोकाला पोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो. तिथून ज्वाळा पसरत जाते, राब भाजताना एका कडेला पेटवलं की आग ओळीने पुढे सरकते तशी. हे सगळं काही हजारांश सेकंदांत होतं, पण होतं क्रमाने. सरकणारी ज्वाळा पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते, आणखी तापवते. ते सहन होण्यापलीकडे गेलं की ज्वाळा पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण स्वतःहून एकदम भडकतं. त्या दणक्याने सिलिंडरमधला वायू घंटेसारखा वाजायला लागतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी जी कटकट चढावर ऐकू येते, ती हीच. फार वेळ चालू राहिली तर पिस्टनचा कडेचा भाग झिजतो आणि रिंगांच्या मधल्या पट्ट्या तुटतात.

घंटेची उपमा मी शोभेसाठी दिलेली नाही. देवळातली मोठी घंटा खर्जात वाजते आणि पूजेतली छोटी घंटी वरच्या सुरात, तसंच सिलिंडरचंही आहे. अमेरिकेत एमआयटीमधल्या चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात याचं गणित मांडलं. सिलिंडरचा व्यास आणि तापलेल्या वायूतला आवाजाचा वेग घातला की कटकटीचा सूर निघतो. वायूतला वेग सेकंदाला ९५० मीटर धरला, तर ८३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचा सूर सुमारे ६.७ किलोहर्ट्झ येतो. कुशाक आणि टायगुनमधल्या १.० टीएसआय इंजिनाचा व्यास ७४.५ मिलिमीटर आहे, त्याचा सूर जवळपास ७.५ किलोहर्ट्झ. म्हणजे ईसीएमला, इंजिनाच्या कॉम्प्युटरला, नेमका कुठला सूर ऐकायचा ते इंजिनाच्या मापावरूनच ठरलेलं असतं.

टर्बो गाडीत हा त्रास जास्त का? सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक चटका बसण्याइतकं तापतं, हे आपण लहानपणीच शिकलो. टर्बो तेच करतो. हवा दाबून भरतो, म्हणून ती तापते. इंटरकूलर तिला थोडं निववतो, पण तरीही सिलिंडरमध्ये आधीच जास्त दाबाची, जास्त गरम हवा शिरते, आणि पिस्टन तिला आणखी दाबतो. म्हणून आजची टर्बो इंजिनं मुद्दाम नॉकिंगच्या उंबरठ्यावर चालवलेली असतात. तिथेच ताकद मिळते, तिथेच ॲव्हरेज मिळतं. उंबरठा ओलांडला का हे सांगायला मात्र कान लागतो. ब्यूकने १९७८ मध्ये टर्बो व्ही६ बाजारात आणलं तेव्हाच त्यात नॉक ऐकून टायमिंग मागे घेणारी, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकणारी, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने हाच कान वापरून टर्बोचा दाब कमी-जास्त करायला सुरुवात केली, म्हणजे हलकं पेट्रोल पडलं तरी इंजिन स्वतःला सांभाळून घेईल. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या टर्बो पेट्रोल गाड्या या दोन्ही गोष्टी एकत्र करतात.

आता सेन्सर. बहुतेक गाड्यांत तो मेदुवड्यासारखा असतो, मधे भोक आणि त्यातून एक बोल्ट. आत चिनी मातीसारख्या सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर एक छोटं वजन. ब्लॉक थरथरला की ते वजन चकतीला दाबतं आणि दाबली गेलेली चकती स्वतःच वीज तयार करते. त्याला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागत नाही. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, इतका नाजूक की शेजारच्या इग्निशन कॉइलची वायरसुद्धा त्यात गोंधळ घालू शकते. म्हणून त्याच्या वायरवर जाळीचं आवरण असतं.

चार सिलिंडरला एकच कान, तरी कुठला सिलिंडर कटकटला हे ईसीएमला कळतं. कारण तो सतत ऐकत नाही. एखाद्या सिलिंडरचा पिस्टन टोकावरून खाली निघाला की पुढच्या साधारण ५०-६० अंशांपुरताच तो कान देतो, कारण त्या सिलिंडरची कटकट तेव्हाच होऊ शकते. ऐकलेल्या आवाजाची तुलना तो त्याच आरपीएमला नेहमी असणाऱ्या घरघरीशी करतो. फार वर गेला तर त्या सिलिंडरचं टायमिंग दोन-तीन अंश झटकन मागे घेतो, आणि मग हळूहळू, चाचपत पुढे आणतो. तरी भागलं नाही तर टर्बोचा दाब उतरवतो.

आणि कान गेलाय असं ईसीएमला कधी वाटतं? इंजिन तीन हजारांवर फिरतंय म्हणजे थोडीफार घरघर कानावर पडलीच पाहिजे. तीही येत नसेल तर तो पी०३२७ टाकतो. सिग्नल अवास्तव मोठा असेल तर पी०३२८. सर्किटच बरोबर वाटत नसेल तर पी०३२५, आणि सिग्नल येतो पण पटत नाही असं असेल तर पी०३२६. दोन सेन्सर असलेल्या गाडीत दुसऱ्यासाठी हीच ओळ पी०३३० पासून सुरू होते. कोड आला की ईसीएम बहिऱ्या माणसासारखा वागतो, रस्ता ओलांडायचाच नाही असं ठरवतो. टायमिंग सगळीकडे बरंच मागे, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब कमी. मावसभावाची गाडी शहरात बरी आणि घाटात मेलेली, याचं कोडं इथे निम्मं सुटतं. शहरात ती त्या आरपीएमपर्यंत जातच नव्हती.

तपासणीला सुरुवात मी पाना न उचलता करतो. स्कॅनर लावून लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलंय ते बघायचं. सोबत इनटेक हवेचं तापमान, बूस्टचा दाब आणि आरपीएम. हे सगळं रेकॉर्ड करून घ्यायचं आणि नंतर सावकाश वाचायचं. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, त्यासाठी शेजारी दुसरा माणूस बसवायचा.

पहिली चाचणी जागच्या जागी. इंजिन गरम झालं की न्यूट्रलमध्ये सावकाश तीन-साडेतीन हजारांपर्यंत न्यायचं. न्यूट्रलमध्ये इंजिनावर भार नसतो, सिलिंडरमध्ये भरलेली हवा थोडी असते, त्यामुळे खरं नॉकिंग तिथे जवळजवळ होऊच शकत नाही. तरीही टायमिंग मागे जाताना दिसलं, आणि दर वेळी त्याच आरपीएमला दिसलं, तर कान दुसराच कुठला तरी आवाज ऐकतोय. सैल हीट शील्ड, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा ढिला बोल्ट, बसलेलं इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर), टायमिंग चेनची खरखर, ब्लॉकला टेकलेला एखादा पाइप. मी तर एकदा इंजिनाखालची पत्र्याची प्लेट बोल्ट निघाल्यामुळे ब्लॉकवर आपटताना पाहिली आहे. खरं नॉकिंग भाराबरोबर वाढतं, खोटं आरपीएमबरोबर. या एका वाक्यावर निम्म्या गाड्या सुटतात.

दुसरी चाचणी चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून दाबून. इथे टायमिंग थोडं मागे जाणारच. एप्रिल-मेच्या उन्हात टर्बो इंजिनाने दोन-चार अंश मागे घेतले तर मी त्याला दोष म्हणत नाही, तो त्याचा रोजचा श्वास आहे. पण सगळ्याच सिलिंडरमध्ये सातत्याने सहा-आठ अंश जात असतील तर सगळ्यांना मिळून जे मिळतं तिथे बघायचं: पेट्रोल, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट, कूलंट. इंटरकूलरच्या पट्ट्यांमध्ये चिखल आणि किडे अडकले की हवा निवत नाही. टर्बोच्या सीलमधून किंवा क्रँककेसच्या वाफेतून तेल आत येत असेल तर पेट्रोलची नॉक सोसायची ताकदच कमी होते. इंटरकूलरच्या पाइपात बोट फिरवून बघा, हलका ओलावा चालतो, थेंब साचलेले चालत नाहीत. वेस्टगेट, म्हणजे टर्बोचा दाब आवरणारी झडप, अडकून बूस्ट ठरल्यापेक्षा वर जात असेल तर तेही डेटात दिसतं. कुणी रीमॅप केलं असेल, म्हणजे ताकदीसाठी ईसीएमचा प्रोग्रॅम बदलून घेतला असेल, तर ते ग्राहकाने लपवू नये, पहिल्यांदा सांगावं.

एकाच सिलिंडरचा आकडा मोठा आणि बाकीचे गप्प असतील तर प्रश्न त्या सिलिंडरच्या घरातला आहे. इंजेक्टर अर्धा चोंदला असेल, प्लग चुकीच्या नंबरचा असेल, पिस्टनवर कार्बन साचला असेल. सेन्सर सगळ्यांना सामाईक असतो, तो एकाशीच दुजाभाव करत नाही. थोडा फरक अंतरामुळे पडतो, पण तो ईसीएममध्ये आधीच धरलेला असतो.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात पेट्रोलच हत्यार होतं. टाकी जवळजवळ रिकामी करायची आणि एक्सपी१०० सारखं जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंग जास्त सोसणारं, पेट्रोल भरायचं. आपल्याकडे बीएस-६ नंतर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१ होता, ई२० साठी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, तो ९५ ठरला आहे, कारण इथेनॉल मुळातच नॉकिंगला दाद देत नाही. काही किलोमीटर चालवून मग तोच चढ, तोच गिअर. टायमिंग मागे जाणं ठळकपणे कमी झालं तर नॉकिंग खरं होतं आणि कान तंदुरुस्त आहे. मग सेन्सरला हात लावायचं कारणच उरत नाही. काहीच फरक पडला नाही तर जे ऐकू येतंय ते पेट्रोलशी संबंधित नाही, म्हणजे यांत्रिक खडखड किंवा वायरिंग. एका टाकीच्या खर्चात एवढं नेमकं उत्तर दुसरीकडे मिळत नाही.

इथे एक वेगळा आजार सांगून ठेवतो, कारण तो छोट्या टर्बो इंजिनांचा खास आहे. हजार-दीड हजार आरपीएमला मोठा गिअर ठेवून घाटात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. एकच जोरदार दणका येतो, हातोडा मारल्यासारखा. सेन्सर तो ऐकतो, पण टायमिंग मागे घेऊन उपयोग नसतो, कारण आग ठिणगीची वाटच बघत नाही. यात पिस्टन फुटू शकतो. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियमच्या घटकांचा यात हात असतो, म्हणूनच २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या तेलात याची चाचणी असते. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच तेल टाका आणि चढावर गिअर खाली घ्या. ॲव्हरेजसाठी वरचा गिअर धरून ठेवणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगतो.

आता कोड सर्किटचाच असेल, मावसभावाच्या गाडीसारखा, तर मात्र वायर धरून चालत जावं लागतं. इथे मल्टीमीटर मोठा फसवतो. मेदुवड्यासारख्या बऱ्याच सेन्सरचा रेझिस्टन्स एक मेगाओहमच्या वर असतो, म्हणजे मीटर सरळ ‘ओपन’ दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, गेला. प्रत्यक्षात तो चांगला असतो. उलट निसानच्या अनेक सेन्सरमध्ये आत रेझिस्टर असतो, तिथे ५३२ ते ५८८ किलोओहम यायला हवेत. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत १२० ते २८०. म्हणून आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाताशी नसेल तर ओहम मोजून निकाल देऊ नये. त्यापेक्षा मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि सेन्सरच्या जवळ ब्लॉकवर छोट्या पान्याने टकटक करा. आकडा उसळला पाहिजे. सेन्सरवर मात्र मारू नका, सिरॅमिक तडकतं.

त्या गाडीत आम्ही आधी इंजिन अडीच-तीन हजारांवर धरलं आणि वायरिंगचा जुडगा हाताने हळूहळू वाकवत पुढे सरकलो. बॅटरीच्या बाजूच्या वळणावर हात आला आणि स्क्रीनवरचा सेन्सरचा आकडा धपकन खाली गेला. हात काढला, आकडा वर. काळी टेप बाहेरून धड होती. ती उलगडली तर आतून उंदराने कुरतडलेली वायर, जाळीचे तीन-चार धागे शिल्लक, आणि पावसाळ्याच्या ओलाव्याने तांब्यावर हिरवी बुरशी चढलेली. चढावर इंजिन फाउंडेशनवर मागे झुकलं की जुडगा त्या वळणावर ताणला जायचा आणि कान बंद व्हायचा. दोनदा सेन्सर बदलला तेव्हा मॅनिफोल्ड काढताना जुडगा हलला, वायर थोडे दिवस टेकली, म्हणून ते ‘चार दिवस बरे’.

वायर बदलायला मॅनिफोल्ड आता उतरवलाच होता म्हणून सेन्सरही उघडून पाहिला, आणि बरं झालं पाहिला. खाली, ब्लॉक आणि सेन्सरच्या मध्ये, कुणीतरी एक स्प्रिंग वॉशर घातला होता. बोल्ट ढिला होऊ नये हा हेतू चांगलाच असणार. पण सेन्सर ब्लॉकला थेट, धातूला धातू टेकलेला हवा. मध्ये वॉशर आला की कान आणि आवाज यांच्यामध्ये उशी ठेवल्यासारखं होतं. रंग, जुना गॅस्केट गम, गंज, यातलं काहीही तिथे चालत नाही. बोल्टही मूळचाच लागतो आणि तो ठरावीक ताकदीने आवळावा लागतो. बॉशच्या अशा सेन्सरना २० न्यूटन-मीटर. पाव मीटर लांब दांड्याच्या पान्यावर आठ किलोचा जोर, एवढंच. ढिला राहिला तर सेन्सर अर्धवट ऐकतो, मनगटाच्या अंदाजाने करकचून आवळला तर चकतीवर ताण येऊन तो भलतंच ऐकतो किंवा तडकतो. या एका बोल्टसाठी टॉर्क रेंच बाहेर काढायचा कंटाळा करू नये.

कपलरपासून ईसीएमपर्यंतची वायर जाळीच्या आवरणाची नवी घातली. जाळीचं अर्थिंग मुळात होतं तसं एकाच टोकाला केलं, दोन्हीकडे केलं की त्यातूनच करंट फिरून गोंगाट होतो. ब्लॉकवरची जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केली, वॉशर फेकला, वीसवर क्लिक ऐकलं. गाडीतला तिसरा सेन्सर तोच ठेवला.

कोड पुसून लगेच पावती फाडायची नाही. ईसीएमने शिकून ठेवलेली मागे घेतलेली टायमिंग परत यायला थोडं चालवावं लागतं. आम्ही दोन दिवसांनी पुन्हा खंबाटकी चढलो, तेच पेट्रोल, तोच तिसरा गिअर, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. वरच्या वळणापर्यंत दोन सिलिंडरमध्ये दीड-दोन अंश, बाकी दोनमध्ये शून्य. सेन्सरचा आकडा आरपीएमबरोबर सलग वर जात होता, कुठे खड्डा नाही. चेक लाइट बंद.

डिकीतले ते दोन सेन्सर मावसभावाने मला देऊन टाकले. एक मी व्हाइसमध्ये लोखंडी ठोकळ्यावर बोल्टने बसवून ठेवलाय, मीटरच्या वायरी कायमच्या जोडून. नवीन पोरगा शिकायला आला की त्याच्या हातात पाना देतो आणि ठोकळ्यावर टकटक करायला सांगतो. मग मध्ये वॉशर घालून पुन्हा करायला सांगतो.